दिवाणखान्याला शाळेची मान्यता

मुलांनी शिकलं पाहिजे, याबद्दल खात्यात कधीच दुमत नव्हतं. दुमत होतं ते त्यांनी कुठे बसून शिकावं याबद्दल. सरकारी शाळेत, खाजगी शाळेत की आपापल्या घरात? आणि ही तिन्ही ठिकाणं एकाच वेळी कायदेशीर ठेवली तर कारभाराचं काय होईल? हा प्रश्न खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर रोज चहाबरोबर चर्चेला येई आणि चहाबरोबरच संपे.

शेवटी समिती नेमली गेली. तिच्या एका सदस्याच्या भावाच्या खाजगी शाळा होत्या, दुसऱ्याचे सासरे सरकारी शिक्षकांच्या संघटनेत होते आणि तिसऱ्याची सून मुलांना घरीच शिकवत होती. त्यामुळे चर्चा अत्यंत तात्त्विक पातळीवर झाली. समितीचे सचिव म्हणून शाळा-तपासणीचे साहेब होते. साहेबांना या विषयावर स्वतःचं कुठलंही मत नव्हतं आणि ही त्यांची पात्रता लक्षात घेऊन मसुदा लिहिण्याचं काम त्यांच्याकडे देण्यात आलं.

साहेबांनी लिहिलं : तिन्ही प्रकार कायदेशीर राहतील, मात्र तिन्हींना निकष एकच राहील. दोन डगरींवर हात ठेवणारे खात्यात पुष्कळ होते. तिसऱ्या डगरीसाठी पाय वापरणारे साहेब पहिलेच. तिन्ही सदस्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले आणि मसुदा मंजूर झाला. त्या दिवशी साहेब घरी आले ते छाती काढून. आपण काहीही न ठरवता सगळं ठरवून टाकलं, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटत होतं.

निकषही साहेबांचाच होता. शाळा तपासायची त्यांची एक पद्धत होती. वर्गाच्या दारात उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. छताचा पंखा स्वच्छ ऐकू आला, की शिस्त उत्तम. शिस्त उत्तम म्हणजे शिकवणं उत्तम. शिकवणं उत्तम म्हणजे अ श्रेणी. मुलांना काही विचारायच्या भानगडीत ते पडत नसत. मुलं भलतीच उत्तरं देतात आणि चांगल्या अहवालाला गालबोट लागतं. वीज गेली की तपासणी पुढे ढकलावी लागे, एवढीच काय ती या पद्धतीतली उणीव. खात्यातल्या तरुण तपासनिसांना साहेब ही पद्धत स्वतः शिकवत आणि शिकवताना त्यांनाही बोलू देत नसत.

अशा माणसाच्या पोटी टकळी जन्मली.

तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत राहत होतं. सकाळी डोळे उघडण्याआधी तिचं तोंड उघडे. भांड्यावरचं झाकण का नाचतं? मिशी पांढरी होते, मग भुवई काळी कशी राहते? उद्या आला की त्याला आज का म्हणतात? साहेब वर्तमानपत्रामागे लपत, तर ही खालून वाकून विचारे, "बाबा, तुम्ही वाचताय की लपलाय?" साहेबांना दोन्ही गोष्टी एकदम करायची सवय होती, पण तसं ते कधी बोलले नाहीत.

टकळी खाजगी शाळेत जात होती. त्या शाळेत सगळीकडे काचा होत्या आणि काचांमागे झाडं होती. झाडं प्लास्टिकची असल्यामुळे पानगळ होत नसे. तिथल्या प्राचार्यांनी एके दिवशी साहेबांना बोलावून घेतलं.

"तुमची मुलगी हुशार आहे," त्या म्हणाल्या. मूल काढून न्यायला सांगायचं असलं की त्या अशीच सुरुवात करत. "पण ती विचारते."

"काय विचारते?"

"काहीही. पृथ्वी गोल आहे म्हणून सांगितलं, तर म्हणते, तुम्ही लांब जाऊन पाहिली का? तुम्ही खात्यातले म्हणून आम्ही इतके दिवस सहन केलं. पण आता बाकीची मुलंही विचारायला लागलीत. पालक आमच्याकडे मोठ्या विश्वासाने मुलं पाठवतात हो."

"मी समज देतो."

"आम्ही दिलीय," प्राचार्या गोड हसून म्हणाल्या.

काय समज दिली होती, ते संध्याकाळी कळलं. टकळी घरी आली, दप्तर जागेवर ठेवलं आणि हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून खुर्चीत बसली. जेवायला बोलावलं तर बोट काढून जेवली आणि परत ठेवलं. साहेबांना आपल्या घरातला पंखा स्वच्छ ऐकू आला. आयुष्यात पहिल्यांदाच तो आवाज त्यांना आवडला नाही. आपल्या पोरीचं तोंड कुणीतरी बंद केलंय आणि ते आपल्याला परत उघडून हवंय, एवढं एकच त्यांना त्या क्षणी कळत होतं. इतकं साधं काही कळायची त्यांना सवय नव्हती.

साहेबांची बायको रस्त्यापलीकडच्या सरकारी शाळेत शिक्षिका होती. ती म्हणाली, "अहो, माझ्या शाळेत घाला की तिला. चार पावलांवर आहे."

"तुझ्या शाळेत?" साहेब दचकले. "अगं, लोक काय म्हणतील?"

"का? दरवर्षी अ श्रेणी तुम्हीच देता ना तिला?"

"ती शाळा म्हणून देतो. आपल्या मुलीची शाळा म्हणून नाही."

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, की साहेबांना आपण अजून मसुदाच लिहितो आहोत असं वाटलं. तसं पाहिलं तर बायकोनेही ती शाळा मुलीसाठी आधी कधी सुचवली नव्हती. पण हे तिच्या तोंडावर सांगण्याइतके साहेब वेडे नव्हते.

राहिलं घर. ते कायदेशीर होतं, साहेबांनीच केलं होतं. टकळीला घरी ठेवण्यात आलं. सकाळी साहेब, दुपारनंतर बायको, असा शिकवण्याचा क्रम लागला. पहिले काही दिवस बोट तोंडावरून हलेना. मग एका सकाळी चहा उकळत असताना ते हळूच खाली आलं आणि आवाज आला, "बाबा, वाफेला वर जायचं कोण शिकवतं?"

साहेबांना उत्तर येत नव्हतं. पण त्यांनी मुलीला उचलून स्वयंपाकघरभर फिरवलं. चहा उतू गेला, त्याचंही तिने कारण विचारलं. पुढचे काही आठवडे घरात कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. साहेब कार्यालयात जाताना पुस्तकं चाळत, संध्याकाळी तिला उत्तरं देत आणि ती बहुधा चुकीची निघत. इतके सुखी ते नोकरीला लागल्यापासून कधीच नव्हते.

मग तपासणी आली.

तपासणीला धाकटा तपासनीस आला. साहेबांच्याच तालमीत तयार झालेला, अत्यंत गुणी मुलगा. दारातच त्याने साहेबांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "फलक कुठे आहे, साहेब?"

"कसला फलक?"

"शाळेचा. निकष एकच आहे ना." तो आत आला. "मुलांचं आणि मुलींचं स्वच्छतागृह वेगळं आहे का?"

"अरे, घरात मुलगीच एक आहे."

"म्हणजे मुलांचं नाही," धाकट्याने लिहून घेतलं. "मैदान?"

साहेबांनी गॅलरी दाखवली. दोरीवर त्यांचे लेंगे वाळत होते.

"मैदानावर अतिक्रमण. आणि शिक्षक कोण?"

"मी आणि ही."

धाकट्याने पेन खाली ठेवलं. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "साहेब, वहिनी सरकारी शिक्षिका आहेत. सरकारी शिक्षकाने शाळेबाहेर शिकवणं म्हणजे खाजगी शिकवणी. आणि तुम्ही सरकारी अधिकारी. तुम्ही शिकवणं म्हणजे परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय."

"पण मुलगी आमची आहे!"

"ते मी लिहिलंय, साहेब. ती आणखी गंभीर बाब आहे. नातेवाइकाला लाभ."

"हे कलम कुठल्या गाढवाने घातलं?"

"तुम्हीच, साहेब," धाकटा भक्तिभावाने म्हणाला. "फार सुंदर वाक्य आहे ते. आम्ही पाठ केलंय."

इतका वेळ टकळी त्याच्या मागेमागे फिरत होती. तिने त्याची बाही ओढली. "काका, तुम्हाला कोण तपासतं?"

"तुझे बाबा."

"आणि बाबांना?"

"संचालक."

"आणि त्यांना?"

धाकट्याने वही मिटली. त्याने घाईघाईने दारात उभं राहून डोळे मिटले आणि शेवटची चाचणी सुरू केली. "काका, झोप आली का?" टकळीने विचारलं. "उशी देऊ?" पंखा काही त्याला ऐकू आला नाही. शिस्तीत घर नापास झालं.

आपणच पेरलेलं उगवलंय, हे साहेबांना दिसत होतं. पण ते हाडाचे अधिकारी होते. नियम बदलण्यापेक्षा घर बदलणं त्यांना सोपं वाटलं. दाराबाहेर फलक लागला. लेंगे आत आले. न्हाणीघराच्या दारावर एका बाजूला 'मुलं' आणि दुसऱ्या बाजूला 'मुली' असं लिहिण्यात आलं. ज्या बाजूने आत जाल, त्याप्रमाणे ते स्वच्छतागृह ठरे. शिकवायला एक निवृत्त बाई ठेवल्या. बाईंनी पहिल्याच दिवशी घंटा मागितली आणि ती वाजवायला माणूस मागितला. माणूस साहेबच झाले. घंटा वाजवणं हा व्यवसाय आहे की नाही, यावर कलमांत काहीच नव्हतं.

एवढं होईपर्यंत पट अपुरा असल्याचं पत्र आलं. एका मुलीसाठी शाळा चालवणं शासनाला परवडत नाही, सबब ही शाळा जवळच्या शाळेत विलीन करावी. शासनाचा तिच्यावर छदामही खर्च होत नव्हता, हे साहेबांनी कळवलं. तसं असेल तर ती शाळा शासनाला अजिबातच परवडत नाही, असं उत्तर आलं.

जवळची शाळा म्हणजे वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य. त्यांनीही जुळ्या मुलांना घरी ठेवलं होतं. खरं तर सगळ्या इमारतीनेच ठेवलं होतं. तपासणीच्या साहेबांनी आपली मुलगी शाळेतून काढली म्हणजे आतली काहीतरी खबर असणार, असा सुज्ञ विचार करून लोकांनी पटापट मुलं काढली होती. या सर्व घरशाळा विलीन करायच्या तर जागा मोठी हवी आणि इमारतीत सगळ्यात मोठा हॉल साहेबांचा होता.

सोफा गेला. बाकं आली. साहेबांची झोपायची खोली बाईंचं कार्यालय झाली. कुटुंब स्वयंपाकघरात राहायला गेलं. तिथून न्हाणीघरात जायचं तर हॉल ओलांडावा लागे आणि शाळेच्या वेळात पालकांना विनापरवानगी आवारात येण्यास मनाई होती. साहेब अंगाला पंचा गुंडाळून, बाई मान हलवेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. एकदा बाईंनी विचारलं, "काय काम आहे?" साहेब म्हणाले, "आंघोळ." बाई म्हणाल्या, "पालकसभेच्या दिवशी या."

"एवढ्या मुलांचं फुकट करायचं म्हणजे काय?" एकदा दंतवैद्य म्हणाले. ते माणूस व्यवहारी होते, समोरच्याचं तोंड उघडं असतानाच किंमत सांगत. त्यांनी मंडळ काढलं, शाळेला गणवेश आणला आणि प्लास्टिकची झाडंही आणली. आता ती खाजगी शाळा होती आणि चांगल्या खाजगी शाळेत प्रवेश सहज मिळून चालत नाही. सगळ्या मुलांच्या नव्याने मुलाखती झाल्या. टकळी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये मुलाखतीला आली.

"तुझं नाव काय?" दंतवैद्यांनी विचारलं.

"काका, तुम्हाला माहितीये की! मग का विचारता?"

तिचं नाव प्रतीक्षायादीत टाकण्यात आलं. काही दिवस ती स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून पलीकडच्या कविता ऐकत होती. मग साहेबांनी दंतवैद्यांचे पाय धरले आणि जागामालकाच्या कोट्यातून, यापुढे प्रश्न विचारणार नाही अशा लेखी हमीवर, तिला तिच्याच घरात प्रवेश मिळाला. हमी लिहून देताना साहेबांनी एकदा टकळीकडे पाहिलं. पण शाळा चांगली होती आणि जागा थोड्या होत्या, आणि अशा वेळी बाप माणूस फार विचार करत बसत नाही.

फी वाढली तसे पालक ओरडायला लागले. ओरड संचालकांपर्यंत गेली आणि लोककल्याणाचा विचार करून शासनाने ती शाळा ताब्यात घेतली. साहेबांचा हॉल सरकारी झाला. तिथे शिक्षिका म्हणून रस्त्यापलीकडच्या शाळेतून साहेबांच्याच बायकोची बदली झाली, तेव्हा साहेबांना आनंदाने गहिवरून आलं. म्हटलं, चला, पोर आईपाशी आली. फिरून फिरून का होईना, गाडी रुळावर आली. बायको हजर झाली, खुर्चीत बसली आणि त्याच दिवशी तिला रस्त्याकडेची झाडं मोजायच्या कामावर पाठवण्यात आलं. वर्ग पुन्हा निवृत्त बाईंकडेच गेला.

"अहो, शिकवायला कधी मिळणार मला?" तिने विचारलं.

"झाडं संपली की," साहेब म्हणाले.

वर्षअखेरीस त्या शाळेची तपासणी साहेबांच्या वाट्याला आली. साहेबांनी स्वयंपाकघरात कोट चढवला, मागच्या जिन्याने खाली उतरले आणि पुढच्या दाराने वर येऊन आपल्या घराची घंटा वाजवली. सोबत धाकटा होता. आता पंख्यावर भागत नव्हतं. साहेबांच्या पद्धतीचा गौरव म्हणून खात्याने आवाज मोजायचं यंत्र घेतलं होतं. धाकट्याने ते दारात धरलं. यंत्रात काहीच दिसेना. त्याला वाटलं बंद पडलं, म्हणून त्याने त्यावर टिचकी मारली, तेव्हा काटा हलला. यंत्र ठीक होतं.

शेवटच्या बाकावर टकळी बसली होती. हाताची घडी, तोंडावर बोट. केस चापून बसवलेले, नजर फळ्यावर. इतकी शहाणी दिसत होती की साहेबांनी आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं. इतक्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. ते वर्गात शिरले आणि एका मुलीजवळ जाऊन वाकले.

"टकळे," ते हळूच म्हणाले, "काहीतरी विचार ना मला."

तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. टकळी उभी राहिली आणि म्हणाली, "काही शंका नाही, सर."

सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "काही शंका नाही, सर!" बाईंचा चेहरा फुलला. धाकट्याने डोळे पुसले. इतकं शिस्तबद्ध समाधान त्याने कुठल्याच शाळेत पाहिलं नव्हतं. साहेबांना ओरडावंसं वाटत होतं. ही शाळा बंद करा, यंत्र फेका, माझी पोर मला जशी होती तशी द्या, असं म्हणावंसं वाटत होतं. पण त्यांच्यापुढे तक्ता होता आणि मागे संचालकांकडे जाणारा अहवाल होता. आणि शांत वर्ग दिसला की हात कुठे जातो, हे हाताला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी अ दिला. मग ते घरी जायला निघाले आणि जिन्यात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की घर इथेच आहे.

संध्याकाळी बायको झाडं मोजून आली. तिघं स्वयंपाकघरात जेवायला बसले. साहेबांनी मुद्दाम भांड्यावर झाकण ठेवून पाणी उकळवलं. झाकण नाचलं. टकळीने ते पाहिलं, जेवण संपवलं, ताट उचललं आणि भिंतीला टेकून बसली. दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय गं, आज गप्प?" बायकोने विचारलं.

"गप्प नाही," टकळी म्हणाली. "मी चांगली बसलेय."

साहेबांना तुम्ही हसलात, हसा. त्यांना त्याचं काही वाटत नाही, ते स्वतःला त्याहून जास्त हसतात. फक्त एक सांगा. हे सगळं तुम्ही पहिल्या ओळीपासून इथवर निवांत वाचलंत ना? मध्येच येऊन कुणी बाही ओढली नाही, का हसताय म्हणून विचारलं नाही, पान उलटू नका म्हणून हट्ट धरला नाही. म्हणजे तुमचं पोर शेजारच्या खोलीत अगदी चांगलं बसलेलं आहे. त्याची शाळा सरकारी असो, खाजगी असो की तुमच्या घरातलीच असो, काळजी करू नका. तिन्ही कायदेशीर आहेत आणि तुमची अ श्रेणीत आहे.